पोलीस भरतीचं पोस्टर: चित्र कुणाला हाक मारतं, आणि ते नीट कसं घडवायचं

पोलीस भरतीच्या जाहिरातीला दोन अंगं असतात. एक नियमाचं: जागा किती, आरक्षण कसं, अर्जाची मुदत कधीपर्यंत. ते वर्तमानपत्रातल्या बारीक टायपात आणि भरतीच्या संकेतस्थळावर येतं. दुसरं अंग ओढ लावण्याचं. एसटी स्टँडवरचं पोस्टर, कॉलेजच्या नोटीस बोर्डावरचा कागद, चौकातला फ्लेक्स, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी इमेज हे सगळं त्यात आलं. तिथे मजकूर वाचला जाण्याआधीच चित्र आपलं बोलून मोकळं झालेलं असतं.

जे काम चित्रात दिसतं, ते काम करावंसं वाटणारी माणसं त्या चित्राकडे ओढली जातात. हातात लाठी, डोळ्यांवर काळा गॉगल, मागे आगीचे लोळ असं पोस्टर लावलं की दराऱ्याची हौस असलेला पोरगा थांबतो. गल्लीतल्या भांडणात मध्ये पडून दोन्ही घरांना गप्प बसवणारी, बारावीला चांगले मार्क घेतलेली पोरगी मात्र पुढे निघून जाते. दलाला यातलं कोण हवं आहे हे आधी ठरवायचं, मग कॅमेरा उचलायचा. जिल्हा पोलीस दलासाठी जनजागृतीचं साहित्य करणारे, त्यांचं काम घेणारे डिझायनर आणि अकॅडमीचे फ्लेक्स बनवणारे, अशा सगळ्यांना पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

आधी बघणारा ठरवा

शिपाई पदासाठी बारावी पास लागते. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). लेखी १०० गुणांची. जालना किंवा हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गटात जायचं तर ५ किलोमीटरची दौड आणि वेगळे निकष.

पहाटे पाचला रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या पोरांना हे आकडे तोंडपाठ असतात. त्यांचं मन वळवायची गरज नाही, त्यांना फक्त तारीख हवी असते. मन वळवायचं असतं ते दुसऱ्या दोघांचं. एक, बारावी झालेली पण ‘हे आपल्याला जमेल का’ या विचारात अडकलेली मुलगी किंवा मुलगा. दोन, त्यांचे आईवडील. बीड-परळीकडचं कुटुंब दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडतं. पोरीचा निर्णय तिथे आई, आजी, मामा मिळून घेतात, आणि त्यांच्यापर्यंत पोस्टर पोचतं ते पोरीच्या मोबाइलवरून. तिघांना एकाच चित्रात धरायला गेलात तर कुणीच हाती लागत नाही. एक पोस्टर, एकच बघणारा. पैसे कमी असतील तर तारखांचं पोस्टर फोटोशिवाय करा आणि सगळा खर्च मन वळवणाऱ्या एका चित्रावर करा.

जुनी जाहिरात उघडून बघा

नवीन काढण्याआधी गेल्या भरतीचं एखादं पोस्टर भिंतीवर लावा आणि तीन मीटर लांब उभे राहा. तीन सेकंद बघा, पाठ फिरवा आणि आठवलं ते कागदावर लिहा. बहुतेक वेळा एक चेहरा, एक रंग आणि एखादा शब्द एवढंच उरतं. बाकीचं त्या पोस्टरवर होतं म्हणायचं, इतकंच. मग पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

नजर. चित्रातला माणूस थेट आपल्याकडे बघत असेल तर तो आपल्याला काहीतरी सांगतोय, मागतोय किंवा विचारतोय असं वाटतं. १९१४ मध्ये ब्रिटनमध्ये युद्धमंत्री लॉर्ड किचनरचं बोट रोखलेलं चित्र आलं आणि १९१७ मध्ये अमेरिकेत अंकल सॅमचं, म्हणजे त्या देशाचं प्रतीक मानलेल्या म्हाताऱ्याचं. सैन्यभरतीच्या चित्रांमध्ये थेट नजर आणि रोखलेलं बोट तेव्हापासून ठाण मांडून बसलं. आपल्याकडे ते बोट जसंच्या तसं उचलू नये. वर्दीतल्या माणसाने बोट रोखलं की गावातला माणूस आधी ‘मी काय केलं?’ असा दचकतो. थेट नजर जरूर ठेवा, पण हात खाली, मोकळा किंवा कामात असू द्या. नजर दुसरीकडे असेल तर बघणाऱ्याचे डोळेही तिकडेच जातात. म्हणून पोस्टरमधली शिपाई डावीकडे बघत असेल आणि अर्जाची तारीख उजवीकडे असेल, तर ती तारीख हमखास निसटते.

कॅमेऱ्याची उंची. हा सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. लेन्स गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटरवर ठेवून वर बघत फोटो काढला की माणूस बुरुजासारखा उभा दिसतो. हनुवटी मोठी, डोळे लहान, छाती पुढे. हा दरारा झाला. लेन्स पोटाच्या उंचीवर, साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर आणली की माणूस ताठ दिसतो पण दरडावत नाही. डोळ्यांच्या उंचीवर आणली की तो आपल्या बरोबरीचा होतो, ‘मीही तिथे उभी राहू शकते’ असं वाटायला लावतो. नव्या उमेदवारासाठी हीच उंची घ्यावी. वरून खाली काढलेल्या फोटोत माणूस लहान, केविलवाणा दिसतो. जमिनीवर बसलेल्या म्हातारीशी वाकून बोलणारा पोलीस काढताना मात्र कॅमेरा म्हातारीच्या डोळ्यांपाशी आणावा लागतो. उभ्यानेच काढला तर दोघंही खुजी दिसतात.

मुलगी कुठे उभी आहे. पट्टी घ्या आणि पोस्टरवर पुरुषाच्या डोक्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, मग बाईच्या. मागच्या रांगेत, कोपऱ्यात, निम्म्या आकाराची बाई दाखवली आणि खाली ‘महिलांसाठी ३० टक्के आरक्षण’ असं ठळक लिहिलं, तर वाचणारी पट्टीवर मोजलेल्या आकारावरच विश्वास ठेवते.

वर्दीचे तपशील. शिपाई भरतीच्या पोस्टरवर दोन तारे आणि लाल-निळी फीत लावलेला माणूस दाखवणं म्हणजे उपनिरीक्षक दाखवणं. शिपायाच्या खांद्यावर तारे नसतात. हे चित्र पदाबद्दल खोटं सांगतं, आणि पोरांना ते पहिल्या नजरेत कळतं, कारण खांद्यावरची खूण वाचायला ती लहानपणीच शिकलेली असतात. मांडणीच्या सोयीसाठी फोटो आडवा उलटवला की नावाची पट्टी उजव्या खिशावरून डावीकडे जाते आणि शर्टाची बटणपट्टीही उलटी होते. तयार फोटोंच्या साठ्यातून आणलेला पोलीस दुसऱ्याच राज्याचा निघतो. आता यंत्राने (एआयने) बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. त्यांच्यात बिल्ल्यावर अर्थहीन अक्षरं येतात, टोपीवर कुठल्याही दलाचं नसलेलं चिन्ह येतं आणि सॅल्यूटच्या हाताला बोटं कमी-जास्त असतात. भरतीच्या कामात अशी चित्रं घेऊ नयेत. ज्या दलाला खरे शिपाई दाखवता येत नाहीत, त्यात कुणी का यावं?

नावाच्या पट्टीबद्दल आणखी एक. आपल्याकडे आडनाव वाचलं जातं आणि त्यावरून जात काढली जाते. मोठ्या फ्लेक्सवर आडनाव स्पष्ट आलं की हे पोस्टर ‘कुणाचं’ आहे याची चर्चा पारावर सुरू होते आणि भरती बाजूला राहते. बीड जिल्हा पोलिसांनी २०२५ मध्ये पट्टीवर फक्त पहिलं नाव ठेवायला सुरुवात केली, त्यामागे हेच कारण होतं. फोटो काढताना खांदा थोडा वळवा किंवा फाइल धरलेला हात पट्टीवर येऊ द्या. संगणकावर पट्टी पुसून कोरी करू नका, ती लगेच डोळ्यांत खुपते.

कोणता क्षण दाखवायचा

सॅल्यूट, संचलन, बंदूक ही तीन चित्रं सगळ्यांनाच सुचतात. त्यांत चूक काही नाही. मात्र ती समारंभाची चित्रं आहेत, आणि नोकरीचे बहुतेक दिवस समारंभाचे नसतात. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर तक्रार लिहून घेणं, ११२ चा कॉल आल्यावर गाडी काढणं, तुळजापूरच्या नवरात्रात किंवा पैठणच्या नाथषष्ठीला गर्दीत हरवलेलं लेकरू आईच्या हाती देणं, शाळेत दामिनी पथकाने मुलींशी बोलणं. यातला एक क्षण निवडा.

निवडताना स्वतःला विचारा: या चित्रात शिपाई काय *करतोय* हे एका क्रियापदात सांगता येतं का? ‘ऐकतेय’, ‘लिहितेय’, ‘उचलतेय’, ‘थांबवतोय’ असं उत्तर आलं तर चित्र चालेल. ‘उभा आहे’ असं आलं तर पुन्हा विचार करा.

यात्रेचा क्षण घेतलात तर पाठीमागे मंदिराचा कळस किंवा दर्ग्याचा घुमट ठळक येऊ देऊ नका. नांदेड, परभणी, बीड, छत्रपती संभाजीनगर ही सगळ्या धर्मांच्या मुलांची शहरं आहेत. एका धर्माची ठसठशीत खूण मागे आली की उरलेल्यांना न बोलता बाहेर ठेवल्यासारखं होतं. आठवडी बाजार, बस स्टँड, शाळेचा व्हरांडा, पोलीस ठाण्याची पायरी या जागा सगळ्यांच्या आहेत. दौलताबाद किंवा बीबी का मकबराही टाळावा, त्याने पोस्टर पर्यटन खात्याचं वाटतं.

सरावाचं चित्र घ्यायचं असेल तर पायांकडे लक्ष द्या. चित्रात चार हजारांचे बूट आणि तांबडा सिंथेटिक ट्रॅक दिसला की कॅनव्हासच्या बुटात काळ्या मातीच्या पांदीवर धावणारी मुलगी स्वतःला त्या चित्रात बघू शकत नाही. धुळीने भरलेला साधा बूट पायात दिसू द्या.

फोटो काढण्याची सकाळ

मराठवाड्यात ऊन हाच मोठा अडसर आहे. साडेनऊनंतर टोपीच्या पुढच्या कडेची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग काळा होतो. डोळे गेले की ओढ गेली. सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास घ्या. उशीर झालाच तर माणसाला इमारतीच्या सावलीत, पण सावलीच्या कडेजवळ उभं करा आणि समोर कमरेच्या उंचीवर २ बाय ३ फुटांचा पांढरा थर्माकोल धरा. त्यावरून उडालेला उजेड टोपीखाली जातो आणि डोळ्यांत एक लहान पांढरा ठिपका येतो. तो ठिपका आलाय का, हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून बघा. त्यावाचून चेहरा निर्जीव वाटतो.

लेन्स ५० ते ८५ मिलिमीटरची, अंतर तीन ते चार मीटर. मोबाइल असेल तर दोन पट झूमची लेन्स वापरा. रुंद लेन्सने कडेचे हात आणि टोपी ताणली जाते. एकेका मांडणीचे वीस-पंचवीस फोटो घ्या, कारण वर्दीतली माणसं पहिल्या दहा फोटोंत ताठरलेली असतात. त्यांना ‘हसा’ म्हणू नका, काम करायला लावा: खरोखर कागदावर लिहू द्या, खरोखर लेकराशी बोलू द्या. रंग गोरा करणारे फिल्टर पूर्ण बंद ठेवा. उन्हात राबलेला सावळा चेहरा हीच इथली ओळख आहे. तो उजळवला की बघणाऱ्या सावळ्या मुलीला आपण कमी आहोत असं सांगितल्यासारखं होतं.

पाठीमागे काय आहे हे खाकीच्या दृष्टीने ठरवा. खाकी, गव्हाळ-सावळी त्वचा आणि धुळीचं मैदान यांची छटा इतकी जवळ असते की वर्तमानपत्राच्या काळ्या-पांढऱ्या छपाईत सगळ्याची खिचडी होते. मागे चुन्याची पांढरी भिंत घ्या, नाहीतर लिंबाची गर्द झाडी. फोटो काढल्या-काढल्या मोबाइलवर काळा-पांढरा करून बघा. चेहऱ्याची कड वेगळी दिसली तरच पुढे जा.

ज्यांचा फोटो घेतला, त्यांची लेखी संमती घ्या. लहान मूल असेल तर पालकांची. सेवेतल्या शिपायासाठी घटकप्रमुखांची, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांची, परवानगी लागते.

मांडणी आणि अक्षरं

२ बाय ३ फुटांच्या उभ्या पोस्टरचं गणित साधं ठेवा. वरचा ६० टक्के भाग फोटोला. त्याखाली एकच ओळ, सहा शब्दांच्या आत. मग तारीख आणि संकेतस्थळ. एकदम खाली दलाचं चिन्ह आणि ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद. चिन्ह वर आणि मोठं घेतलं की पोस्टर सरकारी परिपत्रकासारखं वाटतं आणि नजर सरकते. चिन्हाचं काम विश्वास देण्याचं आहे. तो शेवटी लागतो.

अक्षराचा आकार अंतरावरून ठरतो. आरामात वाचता यावं म्हणून दर तीन मीटरला अक्षराची उंची २५ मिलिमीटर धरा. पाच मीटरवरून वाचायचं तर ४ सेंटिमीटरच्या वर हवं. चौकातला फ्लेक्स ३० मीटरवरून वाचला जावा असं वाटत असेल तर २५ सेंटिमीटर. ताशी ४० किलोमीटरने मोटारसायकलवर जाणारा माणूस सेकंदाला ११ मीटर पुढे जातो. फ्लेक्स त्याच्या नजरेत तीन-चार सेकंद राहतो, म्हणजे सहा-सात शब्द. तिथे पात्रतेची यादी छापणं म्हणजे शाईची नासाडी.

मुक्ता किंवा बालू यांसारखे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात आणि लांबून चांगले वाचता येतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा, नाहीतर बऱ्याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी डोळ्याला ते परकं वाटतं आणि जाहिरात बाहेरून आणून चिकटवल्यासारखी दिसते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून छपाईआधी ‘प्रशिक्षण’, ‘उमेदवार’, ‘अर्ज’ हे शब्द मोठे करून तपासा. काळ्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं घेतली तर वर्तमानपत्रात शाई पसरून मात्रा आणि अनुस्वार बुजतात. १२ पॉइंटच्या खाली अशी काळ्यावर पांढरी अक्षरं नकोतच.

रंगाचं फार डोकं चालवू नका. गडद निळा, पांढरा आणि खाकी पुरेत. निळा महाराष्ट्र पोलिसांच्या ध्वजाचा आहे. लाल फक्त शेवटच्या तारखेला.

छपाई

१० बाय ६ फुटांच्या फ्लेक्सला ७२ डीपीआयने (इंचाला ७२ ठिपके) ८६४० बाय ५१८४ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो त्यात ताणला की चेहरा चौकोनांचा होतो. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. खाकी छपाईत हमखास घसरते, कधी हिरवट तर कधी गुलाबी. पूर्ण फ्लेक्सच्या आधी एक फूट बाय एक फुटाचा, चेहरा आणि कॉलर येईल असा तुकडा छापून घ्या आणि उन्हात, खऱ्या वर्दीच्या शेजारी धरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पास केलेला रंग बाहेर फसवतो.

क्यूआर कोड वाचण्याच्या अंतराच्या एक दशांश हवा. नोटीस बोर्डावर अर्ध्या मीटरवरून ५ सेंटिमीटर पुरतो. बारा फुटांवर टांगलेल्या फ्लेक्सवर तो घालू नका, तिथे कुणी मोबाइल धरत नाही.

नियमाच्या गोष्टी

सरकारी जाहिरातीत कुणाचे फोटो चालतील हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ च्या निकालात आणि मार्च २०१६ च्या दुरुस्तीत ठरवून दिलं आहे. स्थानिक नेत्यांच्या फोटोंची रांग त्यात बसत नाही, आणि चित्राच्या दृष्टीनेही ती घातकच: भरती कुणाच्या मेहेरबानीने होते असं सुचवणारा एकही चेहरा पोस्टरवर नको. अशोकस्तंभ घेतलात तर खाली ‘सत्यमेव जयते’ हवंच, त्याशिवाय बोधचिन्ह अपुरं. फ्लेक्स लावायला स्थानिक संस्थेची परवानगी लागते. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा पोलिसांच्या पोस्टरलाही लागू आहे.

अकॅडमीवाल्यांनी हे नीट वाचावं. पोलिसांचं चिन्ह मोठं छापून आपली जाहिरात सरकारी भासवणं ही फसवणूक आहे. कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. यशस्वी उमेदवाराचा फोटो त्याच्या निवडीनंतर घेतलेल्या लेखी संमतीनेच वापरायचा, त्याने कोणता कोर्स किती दिवस केला ते सांगायचं, आणि खुलासा दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापायचा. चाळीस चेहऱ्यांची चौकट आणि वर ‘१०० टक्के निकाल’ असा फ्लेक्स बघून शेत गहाण ठेवून फी भरणारी घरं आहेत. त्या चौकटीत किती जण फक्त आठ दिवसांच्या सराव परीक्षेला आले होते, हे त्या बापाला कळण्याचा हक्क आहे.

लावण्याआधीची चाचणी

आठ-दहा जण पुरतात: चार मुली, तीन मुलं, दोन-तीन पालक. त्यातला एक तरी तांड्यावरचा किंवा वाडीवरचा असावा. पोस्टर मोबाइलवर पाच सेकंद दाखवा, मग काढून घ्या. ‘आवडलं का’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. हे विचारा: चित्रातला माणूस काय करत होता? तिच्या जागी तू उभी राहशील का, आणि नाही तर का? पालकांना: तुमच्या घरातलं कुणी इथे पाठवाल का? तारीख कोणती होती?

पहिल्या प्रश्नाला तिघांनी वेगवेगळी उत्तरं दिली तर क्षण धूसर आहे, फोटो बदला. मुली ‘ती ऑफिसर आहे’ म्हणाल्या तर कॅमेरा खाली गेलाय किंवा वर्दी चुकलीय. पालक गप्प राहिले तर बहुधा चित्रात रात्र, एकटेपणा किंवा हत्यार आहे. दिवसाचा उजेड आणि सोबत एक सहकारी आणून पुन्हा दाखवा. तारीख कुणालाच आठवली नाही तर चेहऱ्याची नजर कुठे जातेय ते बघा. तारीख त्या बाजूला सरकवून दुसऱ्या दिवशी नव्या आठ जणांना दाखवा, त्याच माणसांना पुन्हा दाखवलं तर ती आठवणीतून उत्तर देतात.